शिळे पाणी

सकाळी नळाला पाणी आले की आमच्या मध्यमवर्गीय घरांत एक विधी निमूटपणे पार पडतो. काल भरलेले हंडे-कळश्या मोरीत रित्या होतात, कारण ते पाणी ‘शिळे’ झालेले असते. त्याला ना वास येतो, ना त्यात गाळ असतो. दोष एवढाच की ते काल भरले होते. आम्ही भाषा शिकवणारी माणसे, तरीही या शब्दातला तोरा आम्हांला वर्षानुवर्षे जाणवला नाही. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाणी शिळे होत नाही, ते संपते.

ही विषमता नशिबाची नव्हे. ती सरकारी कागदावर लिहिलेली आहे. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हा आपल्याकडचा मानदंड. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यासाठी ठरवलेले किमान प्रमाण मात्र ५५ लिटर. आता जगाकडे पाहावे. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनची धरणे आटली आणि नागरिकांवर माणशी ५० लिटरची मर्यादा आली, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. म्हणजे त्या शहराचे जे संकट, जवळपास तेच आमच्या खेड्याचे उद्दिष्ट! आणि त्याच केपटाऊनच्या झोपडवस्त्यांत सामायिक नळावर रांग लावणाऱ्यांना ही काटकसर मुळीच नवी नव्हती.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे ५ लाख लिटर. त्याच महिन्यात आयपीएलच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले. आमच्यापैकी अनेकांना तेव्हा हा निर्णय भावनिक वाटला होता. मैदानावर वाचलेले पाणी लातूरला थोडेच जाणार, असा आमचा युक्तिवाद. तो चुकीचा नव्हता; पण त्याच्या आड आम्ही निर्धास्त झालो, हे चुकले.

आज तोच युक्तिवाद घरातल्या उधळपट्टीसाठी केला जातो. पाणी ऊस पितो, कारखाने पितात, आमच्या एका बादलीने काय होणार? उसाचा प्रश्न खराच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्याने आपल्या गळक्या नळाचा वॉशर बदलायला कोणाची हरकत आहे? दुसरीकडे ‘थेंब थेंब वाचवा’ असे फलक लावून मोकळे होणारेही तितकेच सोयीचे बोलतात. वाचलेले पाणी आपोआप तहानलेल्याकडे जात नाही. कोणाला किती, हे कोणीतरी ठरवत असते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यात पाणी होते. अस्पृश्य मानलेल्यांना ते घेऊ दिले जात नव्हते.

म्हणून नळ बंद करणे हे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली पाणी हा मानवी हक्क मानला. मग त्या हक्काची मापे गाव आणि शहर पाहून का बदलावीत, हे आपण आपल्या लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे. ‘पाणी हेच जीवन’ हा निबंधाचा विषय आम्ही आजवर कितीदा तरी दिला. यंदा आम्ही ‘१३५ आणि ५५’ हा विषय देणार आहोत. अर्थात, त्याआधी आमच्या घरातला कालचा हंडा आम्हांला वापरावा लागेल.