बहात्तर मेळ वीणेच्या पडद्यांवर शिकवा

हैदराबादचं दिलसुखनगर ही क्लासेसची पेठ. इथे मुलं प्रवेश परीक्षेसाठी चारांतून दोन निवडण्याची गणितं सोडवतात, आणि याच हैदराबादेत कर्नाटक संगीत शिकणारी मुलं बहात्तर मेळकर्त्यांची, म्हणजे सात स्वरांच्या मूळ मेळांची, नावं घोकतात. दोन्हींचा हिशेब एकच आहे, आणि तो वीणेवर दाखवायला हवा. सरस्वती वीणेला 24 पडदे, म्हणजे सप्तकाला बारा. मुख्य तार मोकळी छेडली की सा. पुढच्या चार पडद्यांतले दोन रे-गसाठी निवडायचे, त्याचे प्रकार सहा. पाचवा किंवा सहावा पडदा मध्यमाचा, सातवा पंचमाचा. मग ध-नीसाठी पुन्हा चारांतून दोन. सहा गुणिले दोन गुणिले सहा, झाले बहात्तर. सतराव्या शतकात तंजावरच्या व्यंकटमखींनी ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’त हाच हिशेब मांडला. कटपयादी या अक्षरांना अंक देणाऱ्या पद्धतीने पुढे मेळाच्या नावातच त्याचा क्रमांक बसवला. क, ट, प आणि य यांपासून अक्षरं एक-दोन-तीन अशी मोजायची आणि नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलटे वाचायचे. धीरशंकराभरणात ध नऊ, र दोन, म्हणून 29. मेचकल्याणीत म पाच, च सहा, म्हणून 65. क्रमांकांत 36 चं अंतर, पण वीणेवर फक्त मध्यम पाचव्या पडद्यावरून सहाव्यावर जातो. आपल्या हिंदुस्थानी संगीतात हेच बिलावल आणि कल्याण थाट.

हे सारं हजारो वर्षांचं संगीतशास्त्र असल्याचं काही जण अभिमानाने सांगतात. ते खरं नाही. कटपयादी जुनी आहेच. ज्योतिर्विद हरिदत्तांनी 683 साली ती ग्रहगणितासाठी वापरली. रागांशी तिची गाठ मात्र फार उशिरा पडली. शंकराभरण आणि कल्याणी ही नावं आधीपासूनची. आकडा जुळावा म्हणून ‘धीर’ आणि ‘मेच’ मागाहून जोडले. यात मला कमीपणा दिसत नाही, कारण तक्ता हाताशी नसतानाही नुसत्या नावावरून मेळाचे सगळे स्वर काढता येतात. या हिशेबावरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे: राग म्हणजे पडद्यांची यादी नव्हे. तोडीचा गंधार तार ओढून, आंदोलत घ्यावा लागतो. तो कुठल्याच अंकात मावत नाही. हे मान्यच. पण तार कुठल्या पडद्यावरून ओढायची, हे तरी आधी कळायला हवं ना? हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक भातखंडे 1904 साली दक्षिणेत गेले, ही रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली आणि आपल्या प्रचलित रागांसाठी दहाच थाट ठेवले. बहात्तरांचा हिशेब पक्का कळला होता, म्हणूनच त्यांना ही निवड करता आली. हैदराबादच्या मराठी मुलांना दोन्ही पद्धती शिकण्याची सोय घराजवळ आहे. त्यांच्याकडून नावं पाठ करून घेण्याआधी गुरुजनांनी रे-गच्या सहा जोड्या त्यांना वीणेवर स्वतः शोधू द्याव्यात.