मे महिन्याचा समुद्र

बेळगावाकडील एका खेड्यातून एका मातोश्रींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या परिचारिका असून इटलीत, जेनोवा शहराजवळ समुद्रकाठच्या एका गावी नोकरीस आहे. आईवडिलांनी एकदा तरी येऊन आपले घर पाहावे असा तिचा आग्रह आहे. थोरल्या चिरंजीवांच्या मुलाला शाळेची सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा त्याला बरोबर घेऊन मे महिन्यात जावे असा बेत घरात ठरत आहे. पुढे त्या लिहितात, ‘आमच्या ह्यांना लहानपणापासून पोहण्याचे वेड. घटप्रभेच्या डोहात तासन्‌तास पोहणारा माणूस. दोन वर्षांमागे हृदयाचे दुखणे झाले, आता बरे आहेत. तिकडच्या समुद्रात नातवाबरोबर एकदा बुडी मारायची, असे सारखे म्हणत असतात. फादर, आपण त्या देशी राहून आलात. मे महिना बरा ना?’

उत्तर खाजगी पत्राने धाडता आले असते. परंतु अलीकडे आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलेमुली त्या बाजूस कामास आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्या इतरांनाही पडणार. म्हणून येथेच लिहितो. मातोश्री, मे महिना हिंडण्याफिरण्यास उत्तम आहे. पाण्यात उतरण्यास तो मुळीच बरा नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा जन्म वेंगुर्ल्याजवळचा. समुद्र म्हटला की तो कोमट, अशी माझी बालपणापासूनची समजूत. आमच्या अरबी समुद्राचे पाणी जानेवारीतही २६-२७ अंश सेल्सिअसच्या खाली क्वचितच जाते आणि मे महिन्यात ३० च्या घरात पोहोचते. समुद्राची भीती आम्हांला असे ती पावसाळ्यातील लाटांची. गारठ्याची भीती ठाऊकच नव्हती. पुढे रोमला शिकत असताना सवड मिळेल तेव्हा लिगुरियातील एका लहानशा धर्मग्रामात मदतीस जाऊ लागलो. पहिल्याच वर्षी, मे महिन्यातला एक रविवार. आकाश निरभ्र, ऊन असे की झग्याखाली घाम फुटावा. दुपारी खडकावरून मी सरळ उडी घेतली. पाण्यात पडताच छातीवर कोणी ठोसा मारावा तसा श्वास अडकला, तोंड आपोआप उघडले आणि खारे पाणी घशात गेले. हातपाय हलवावेत हेही सुचेना. जवळच जाळे सारखे करीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने वल्हे पुढे केले. ते धरून वर आलो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘फादर, ऊन जूनचे आहे, पण समुद्र अजून मार्चमध्येच आहे.’

त्या वेळी मी तिशीच्या आतला आणि धडधाकट होतो. ज्यांचे हृदय एकदा दुखावले आहे त्यांच्यावर ती घटका कशी गुदरेल, हे मी सांगावयास नको.

वृद्धाच्या त्या बोलण्यात नेमका हिशेब होता. सूर्य सर्वांत उंच येतो तो २१ जूनच्या सुमारास, आणि जमीन त्याच्या मागोमाग तापते. पाण्याची गोष्ट निराळी. शेरभर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेने शेरभर कोरडी वाळू जवळजवळ पाच अंशांनी तापते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरते, आणि वारा वरचे पाणी खालच्या पाण्यात मिसळीत राहतो. म्हणून समुद्र तापण्यास फार वेळ लावतो, आणि निवण्यासही. भूमध्य समुद्राच्या खोल भागात तर बारा महिने पाणी १३ अंशांच्या आसपासच असते. हिवाळ्यात वरचा थर निवत निवत त्या खालच्या पाण्याइतका झाला की तेथेच थांबतो; कारण त्याहून थंड होण्यासाठी अवघा तळापर्यंतचा समुद्र निवावा लागेल.

जेनोवाच्या आखातात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी १३ ते १४ अंश असते, एप्रिलमध्ये फार तर १५. मे महिन्यात ते १७-१८ पर्यंत येते, तेही महिनाअखेर. आपल्या विहिरीचे जे पाणी आपण गार म्हणतो ते २४-२५ अंशांचे असते, यावरून काय ते समजावे. जूनमध्ये २१, जुलैत २४, आणि सर्वांत ऊबदार पाणी ऑगस्टात, साधारण २५ अंश. म्हणजे सूर्य उतरणीस लागून दोन महिने होत आल्यावर. सप्टेंबरात २३-२४, ऑक्टोबरात २०-२१, आणि नाताळच्या सुमारास १५. हे आकडे सरासरीचे आहेत. एखादे वर्ष दोन अंशांनी इकडेतिकडे होते. यात गंमत अशी की नोव्हेंबरातील पाणी मे महिन्याइतकेच, किंबहुना किंचित अधिकच ऊबदार असते. पण नोव्हेंबरात लोकरीचा कोट चढवून फिरणाऱ्याला पाण्यात उडी मारण्याचा मोह होत नाही. मे महिन्यातील ऊन तो मोह पाडते.

वाऱ्याचीही एक खोडी सांगून ठेवतो. जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा सुटला की वरचे तापलेले पाणी दूर ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. शेजारच्या फ्रान्समध्ये, प्रोव्हांसच्या किनाऱ्यावर, मिस्ट्राल नावाचा वारा हे काम भर जुलै महिन्यात करतो. एक-दोन दिवसांत पाणी कित्येक अंशांनी उतरते. काल पोहलो म्हणून आज पोहता येईलच असे नाही.

एरवी हा प्रदेश मोठा प्रेमळ आहे. आपल्या कोकणासारखीच डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मात्र समुद्र दक्षिणेस आणि डोंगर उत्तरेस. हे डोंगर उत्तरेचा बोचरा वारा बव्हंशी अडवून धरतात आणि समुद्र उन्हाळ्यात साठविलेली ऊब हिवाळाभर थोडी थोडी परत देत राहतो. जेनोवा ४४ अक्षांशावर, म्हणजे आपल्या श्रीनगरच्याही दहा अंश उत्तरेस आहे, आणि तरीही तेथे जानेवारीचे सरासरी तापमान ८-९ अंश असते. ऑलिव्ह आणि लिंबे उघड्यावर पिकतात. पश्चिमेकडील बोर्दिगेरा गावी खजुरीची झाडे आहेत. झावळ्यांच्या रविवारी रोममध्ये पोपमहोदयांच्या हाती जी गुंफलेली झावळी असते ती याच बाजूची, ही जुनी वहिवाट. १५८६ साली संत पेत्राच्या चौकात प्रचंड शिळास्तंभ उभा करताना दोर तुटावयास आले. तेव्हा बोलण्यास बंदी असतानाही या किनाऱ्यावरचा एक खलाशी ‘दोरांवर पाणी ओता’ असे ओरडला आणि बक्षीस म्हणून झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्यास मिळाला, अशी परंपरागत कथा आहे. कथा खरी असो वा नसो, खजुरी मात्र खऱ्या आहेत.

याच सौम्य हिवाळ्यामुळे एकोणिसाव्या शतकात श्रीमंत लोक येथे येत ते हिवाळ्यात. जोव्हान्नी रुफिनी यांच्या १८५५ सालच्या ‘डॉक्टर आंतोनियो’ या कादंबरीने बोर्दिगेराचे नाव इंग्रजांत गाजविले; १८७४ च्या हिवाळ्यात रशियाची सम्राज्ञी सान रेमो येथे येऊन राहिली. तळपत्या उन्हात अंग टाकून पडण्याची हौस ही मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतरची. आज तर १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, ज्याला तिकडे फेर्रागोस्तो म्हणतात, अर्धी इटली समुद्रकाठी लोटते आणि पाय ठेवावयास जागा उरत नाही. पवित्र मरियेचा सण आणि तीळभर जागेसाठी हमरीतुमरी, हे दृश्य मला कधी रुचले नाही.

आता कोणी म्हणेल, मे नको तर दसऱ्याच्या सुट्टीत, ऑक्टोबरात जावे. पाणी तर २० अंशांचे असतेच. येथेच दुसरा धोका आहे, आणि तो पहिल्याहून मोठा. उन्हाळाभर तापलेला समुद्र शरदात खूप वाफ सोडतो. दक्षिणेकडून येणारा शिरोक्को वारा ती वाफ घेऊन डोंगरांवर आदळतो. त्याच वेळी खिंडींतून त्रामोन्ताना नावाचा उत्तरेचा थंड वारा खाली घसरत येतो. दोहोंची गाठ जेथे पडते तेथे ढग उभे राहतात, रिते होतात, आणि त्याच जागी पुन्हा नवे उभे राहतात. आपला पाऊस चार महिने वाटून पडतो. तेथला एका दिवसात एका खोऱ्यात कोसळतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जेनोवामागील डोंगरात रोस्सिल्योने येथे बारा तासांत ७४० मिलिमीटर पाऊस झाला. बेळगाव शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक. २५ ऑक्टोबर २०११ रोजी व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या देखण्या गावांच्या गल्ल्या चिखलदगडांनी भरून गेल्या व माणसे दगावली. नंतर दहा दिवसांतच, ४ नोव्हेंबर रोजी, खुद्द जेनोवा शहरात एक ओढा फुगून सहा जणांचा बळी गेला. त्यांत मुलेही होती. हे ओढे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत असतात, काही तर रस्त्यांखाली झाकलेले. परक्या माणसाला ते ओढे आहेत हेच कळत नाही.

प्राचीन दर्यावर्दी हे पंचांग पक्के ओळखून होते. ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद, असे रोमन ग्रंथकार व्हेगेतियस याने लिहून ठेवले आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील संत पौलाचा प्रवास आपल्याला आठवत असेल. प्रायश्चित्ताचा उपास, जो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, उलटून गेला होता. पुढे जाऊ नका, असे पौलाने बजावले, पण सुभेदाराने तांडेलाचे व जहाजमालकाचे ऐकले. पुढे क्रीट बेटाजवळ ईशान्येच्या वाऱ्याने जहाज पकडले आणि चौदाव्या रात्रीनंतर ते माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले.

अलीकडील वर्षांत हा समुद्र अधिकच तापू लागला आहे, हेही सांगितले पाहिजे. १९९९ साली उन्हाळा सरता सरता लिगुरियाच्या खडकांवरील शिंगी पोवळ्यांसारखे जीव मोठ्या प्रमाणावर मेले. पाणी नेहमीपेक्षा अधिक खोलवर व अधिक दिवस तापून राहिले होते. २४ जुलै २०२३ रोजी अवघ्या भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाचे मध्यम तापमान २८.७ अंश भरले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो उच्चांकही मोडला. पोहणाऱ्याला हे पाणी सुखाचे वाटेल. पण शरदातल्या ढगांना त्यातूनच अधिक वाफ मिळते. आणि वसंतातला समुद्र यामुळे कोमट होतो असेही कोणी समजू नये. मे महिना अजून गारच आहे.

तेव्हा मातोश्री, आपल्या मुलांच्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या अवघड महिन्यांत पडतात. माझे मत विचाराल तर आपण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. पाणी २४ अंशांचे, ऊन सोसवेल असे, गर्दी ओसरलेली, आणि शरदाची मोठी वादळे बहुधा अजून दूर. ऑगस्टात सर्वांनाच रजा हवी असते. आपल्या कन्येलाही सप्टेंबरातली रजा सुलभ मिळेल. राहिला नातू. मी स्वतः एका शाळेचा व्यवस्थापक असल्याने हे लिहिणे मला शोभत नाही, पण दहा दिवसांच्या रजेचा अर्ज गुरुजींना द्यावा आणि बुडालेला अभ्यास नाताळच्या आत भरून काढावा. नातू बरोबर नसेल तर आजोबांना त्या बुडीची गोडी ती काय?

मात्र आधी वैद्यांची परवानगी घ्यावी, आणि ती मिळाली तरी उडी मारावयाची नाही. प्रथम पाय, मग गुडघे, मग हातांनी मान व छाती ओली करून सावकाश उतरावे. तेही जीवरक्षक बसला असेल तेथेच. लाल निशाण असेल त्या दिवशी काठावर बसावे. प्रांताचे सरकार पिवळा, नारिंगी व लाल असे पावसाचे इशारे देते. नारिंगी किंवा लाल असेल तर कन्येने घराबाहेर पडू देऊ नये, आणि ओढ्याच्या पात्राजवळ तर मुळीच नाही. तिकिटे मे महिन्याचीच काढून झाली असतील तर ती फुकट घालवू नका. डोंगरातल्या पायवाटा, ऑलिव्हच्या बागा, जेनोवातील जुनी प्रार्थनामंदिरे पाहावीत, संध्याकाळी लोकरीचे काहीतरी अंगावर असावे, आणि समुद्रात घोट्यापर्यंतच जावे. आजोबांकडून तसे वचन निघण्यापूर्वी घेऊन ठेवावे.

कन्येचे गाव कोणते ते पत्रात लिहिलेले नाही. आलास्सियोसारख्या ठिकाणी मऊ वाळू आहे. परंतु जेनोवाच्या पूर्वेस पुष्कळसा किनारा गोलगोट्यांचा असून चार पावलांतच पाणी खोल होते. भरती-ओहोटी जेमतेम वीत-दीड वीत, त्यामुळे ओहोटीची वाट पाहण्यात अर्थ नाही. पाण्यात घालण्याचे रबरी जोडे तेथेच दुकानांत मिळतात; नातवासाठी एक माप मोठे घ्यावे.