लव्हाळ्याचा क्रूस

आयर्लंडच्या खेड्यांतील संतांच्या सणांच्या चालीरीती म्हणजे मूर्तिपूजेचे अवशेष होत, शुद्ध श्रद्धेशी त्यांचा संबंध नाही, असे काही सुशिक्षित श्रद्धावंत ठामपणे सांगतात. हे मत मला मान्य नाही.

किल्डेअरच्या संत ब्रिजिट हिचा सण १ फेब्रुवारीला येतो. पूर्वसंध्येला घरोघरी लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर लावीत. संत त्या रात्री आशीर्वाद देत जाते, या विश्वासाने बाहेर कापड ठेवीत आणि पुढे डोके दुखल्यास तेच कपाळी बांधीत. याच सुमारास प्राचीन इम्बोल्क हा सण असे, हा आक्षेपकांचा मुख्य पुरावा. तो खराच आहे; पण त्याने सिद्ध काय होते? त्याच दारावर पुढे क्रूस लागला, ही गोष्ट लहान आहे काय?

१७०४ मध्ये प्रॉटेस्टंट राजवटीने पवित्र विहिरींवर जमणाऱ्यांना दंडाची व तो न भरल्यास फटक्यांची शिक्षा ठरवली. पुढे मद्यपान व मारामाऱ्यांमुळे आपल्याच बिशपांनीही अशा अनेक जत्रा मोडून काढल्या. मद्यपान थांबवणे योग्यच. परंतु निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, हा प्रभूचा इशारा तेव्हा विसरला गेला.

१९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५००० शाळांतील मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून अशा आठवणी वह्यांत उतरवल्या, म्हणून त्या उरल्या. २०२३ पासून या सणानिमित्त तेथे सार्वजनिक सुटीही मिळते. पण सुटीने क्रूस विणता येत नाही. तो आजीकडूनच शिकावा लागतो. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे: तिने जपलेले टाकून दिल्यावर मुलांच्या हाती तुम्ही काय देणार?