चांगला राजाही निवडलेलाच होता

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना सोडले की थोड्याच वेळात चलथाण येते. सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या पट्ट्यात आता घरे करून राहिली आहेत. त्यांच्या फार आधीही इथे एक मराठी नाव होते, ते राज्यकर्त्यांचे. चलथाण ज्या तालुक्यात येते तो पलसाणा म्हणजे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला एक महाल. शेजारची बारडोली ब्रिटिशांची, पलसाणा गायकवाडी. याच मार्गावर पुढे सोनगड आहे, जिथून पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि इथल्या रयतेवरचे गायकवाडांचे राज्य संपले. पण राजा संपला नव्हता. स्वतंत्र भारताचा राष्ट्रप्रमुख तेव्हाही कायद्याने सहावा जॉर्जच होता आणि २६ जानेवारी १९५० रोजी तोही गेला. नऊ महिन्यांच्या आत या तालुक्याने दोन राजांना निरोप दिला. जगात मात्र हा प्रश्न अजून मिटलेला नाही. तिसरा चार्ल्स ब्रिटनखेरीज आणखी १४ देशांचा राष्ट्रप्रमुख आहे, आणि २००८ मध्ये राजेशाही रद्द करणाऱ्या नेपाळात ती परत आणा म्हणून २०२५ मध्ये मोर्चे निघाले. कारभार संसदेच्या हाती असलेल्या देशाने वंशपरंपरेचा राजा राष्ट्रप्रमुख म्हणून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी मी एखाद्या जुलमी राजाचा दाखला देणार नाही. राजेशाहीच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष ज्या गादीची काढता येईल, त्या बडोद्याच्याच गादीचा देणार आहे.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढत गेल्या आणि पुढे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. तिघा ब्रिटिश सदस्यांनी त्यांना दोषी धरले, तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाल्यासारखे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. हा निर्णय कलकत्त्यात बसलेल्या ब्रिटिश सरकारने घेतला. ज्यांनी तो कारभार सोसला त्या रयतेला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची काही रीतही नव्हती. मग राजघराण्यातल्या विधवा महाराणी जमनाबाईंसाठी दत्तक शोधताना घराण्याच्या दूरच्या शाखेतली मुले पाहिली गेली आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातला, शाळेचे तोंडही न पाहिलेला बारा वर्षांचा गोपाळ पसंत पडला. तेच सयाजीराव. १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे. पण या अभिमानात एक गोष्ट नजरेतून सुटते. गादीला लाभलेला सर्वांत थोर राजा जन्माच्या सरळ क्रमाने आलेला नव्हता. अनेकांतून पारखून, निवडून आणलेला होता. नंतर पुन्हा जन्माचा क्रम सुरू झाला आणि १९३९ मध्ये गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. संस्थानाच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांवरून त्यांच्याशी वाद झाला, विलीनीकरणानंतरही संघर्ष चालू राहिला आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. पाठोपाठच्या तीन राजांपैकी दोघांना खाली उतरवावे लागले, आणि दोन्ही वेळा उतरवणारा हात बाहेरचा होता.

म्हणून राजा चांगला की वाईट, या प्रश्नाने वादाचा निकाल लागत नाही. त्या जागी कोण बसणार हे कोणी ठरवले, आणि तो चुकला तर त्याला कोण उठवणार, हे विचारायला हवे. १९३० च्या करबंदीत बारडोलीचे शेतकरी इंग्रजी हद्द सोडून गायकवाडी गावांत येऊन राहिले, तेव्हा ही सीमा त्यांच्या उपयोगी पडली, हे खरे आहे. पण आसरा मिळणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. बडोद्यात धारासभा होती, ती सल्ला देऊ शके; दिवाणाला जाब विचारून घरी पाठवू शकत नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथून जवळच, बारडोली तालुक्यातल्या हरिपुऱ्यात सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. ज्या स्वराज्याची मागणी आहे त्यात संस्थानेही आली, असे तिथल्या ठरावाने सांगितले. संस्थानांतली लढाई मात्र तिथल्या प्रजामंडळांनी स्वतःच्या बळावर लढावी, असेही त्यात होते. बडोद्यासारख्या पुढारलेल्या संस्थानातही प्रजामंडळाला जबाबदार राज्यपद्धती मागावी लागली, यातच सगळे आले.

यावर कोणी म्हणेल की ही सत्ता गाजवणाऱ्या राजांची गोष्ट झाली. आजचे युरोपातले राजे सही करण्यापुरते आहेत, त्यांचा काय त्रास? हा प्रयोग आपण आपल्याच देशात करून पाहिला आहे आणि आज तो जवळजवळ विसरला गेला आहे. १९५० च्या घटनेत संस्थानांच्या संघांना राज्यपालाऐवजी राजप्रमुख दिले होते. सौराष्ट्रात नवानगरचे जामसाहेब, मध्य भारतात ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे आणि त्यांच्या खालोखाल उपराजप्रमुख म्हणून इंदूरचे यशवंतराव होळकर. कारभार मंत्र्यांचा, मान राजाचा. संक्रमणाच्या काळात ही तडजोड उपयोगी ठरली. बहुतेक संस्थानिकांनी सत्ता न लढता सोडली यामागे हा मानही होता. पण राज्याचा प्रमुख कोण हे जुन्या गादीने ठरावे आणि सरकार मतपेटीने, ही जोडी सहा-सात वर्षांपलीकडे ठेवावीशी कोणाला वाटली नाही. सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजप्रमुखपद गेले. गुणी माणसे त्यामुळे वाया गेली नाहीत. म्हैसूरचे जयचामराज वडियार त्याच राज्याचे राज्यपाल म्हणून नेमले गेले. बडोद्याचे फत्तेसिंहराव १९५७ मध्ये मते मागून लोकसभेत गेले. घराण्याचे वलय त्यांच्या पाठीशी होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मतदाराला ‘नको’ म्हणण्याची सोय होती.

शिवाय ‘सहीपुरता’ हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियात ब्रिटनच्या राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या गॉफ व्हिटलम यांना पंतप्रधानपदावरून दूर केले. राणीकडे दाद मागितली गेली तेव्हा यात पडणे तिला योग्य वाटत नाही, असे उत्तर राजवाड्यातून आले. राखीव अधिकार वर्षानुवर्षे झोपलेले असतात म्हणून ते नसतात असे नाही. त्रिशंकू संसद आली की ते जागे होतात, आणि नेमक्या त्या वेळी ते वापरणारा कोणालाच बांधील नसतो.

सर्वांत अवघड आक्षेप नॉर्वेचा आहे. तिथे राजा आहे आणि लोकशाहीही निरोगी आहे. १९४० मध्ये जर्मनांनी आपल्या मर्जीतल्या क्विसलिंगला पंतप्रधान करा म्हणून दबाव आणला, तेव्हा सातव्या हाकोनने नकार दिला; त्याने देशाची मान ताठ राहिली. मात्र हा हाकोन आला कसा, हे पाहिले पाहिजे. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला सिंहासन देऊ करण्यात आले. लोकांना राजा हवा आहे का हे आधी विचारा, असा आग्रह त्याने धरला. मतदान झाले, मोठे बहुमत मिळाले, मगच तो आला. म्हणजे राजेशाहीचा हा सर्वांत उजळ दाखलाही निवडून आलेल्या माणसाचाच आहे. बडोद्याची आणि नॉर्वेची गोष्ट इथे एकच होते. उलट बाजूला इटलीचा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल आहे. १९२२ मध्ये स्वतःच्याच सरकारचा लष्करी कायद्याचा हुकूम त्याने सही न करता परत पाठवला आणि मुसोलिनीला बोलावून घेतले. ती राजेशाही हटवायला इटालियनांना १९४६ चे सार्वमत लागले. मधल्या २४ वर्षांत काय घडले ते साऱ्या जगाने भोगले.

राष्ट्रपती तरी काय करतो, असा प्रश्न येईलच, आणि तो रास्त आहे. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची संमती नसताना आणीबाणीच्या कागदावर सही केली. निवडलेला राष्ट्रप्रमुख तिथे कमी पडला. पण त्यातून काय झाले तेही पाहावे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला, आणि आलेला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतीला दिला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातील राष्ट्रपती राजवटीची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. नारायणन यांच्या त्या परत पाठवण्याला वजन होते, कारण ते खासदार-आमदारांच्या मतांनी त्या पदावर आले होते. हेच एखाद्या राजाने केले असते तर ‘तू कोण’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी उठला असता.

मात्र नुसते ‘राजा नको’ म्हणून भागत नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे ५५ टक्के मतदारांनी प्रजासत्ताकाला नकार दिला. राष्ट्रप्रमुख संसदेने निवडावा की थेट लोकांनी, यावर राजेशाहीचे विरोधकच फुटले होते. बार्बाडोसने संसदेने निवडायचे ठरवले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बदल पार पाडला. आपल्या घटनाकारांनी निवड, पाच वर्षांची मुदत आणि महाभियोग ही तिन्ही कलमे आधी लिहिली आणि मग सहाव्या जॉर्जला निरोप दिला. काश्मीरमध्ये तर माणूसही बदलावा लागला नाही. १९५२ मध्ये तिथल्या घटना समितीने वंशपरंपरेचे राज्य संपवले आणि महाराजांचे पुत्र करणसिंह यांनाच पाच वर्षांसाठी सदर-ए-रियासत म्हणून निवडले. घराणे तेच होते, पण अधिकाराचे मूळ आता सभागृहाच्या मतात होते.

हीच कसोटी घेऊन आपल्या राज्यपालांकडे पाहिले तर समाधान वाटत नाही. राजप्रमुख गेले, पण त्यांच्या जागी आलेला राज्यपाल ज्या राज्याचा प्रमुख असतो तिथल्या विधानसभेने निवडलेला नसतो, आणि त्याला परत पाठवणेही तिच्या हाती नसते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितले, ते समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. तोवर सरकार जाऊन दहा महिने झाले होते. विधानसभेला राज्यपालाच्या निवडीत आणि त्याला हटवण्यात वाटा द्यायला हवा, असे मला वाटते. १९५६ मध्ये राजप्रमुखपद रद्द करताना हे काम राहून गेले.