सरासरीचा सूर

परवा संध्याकाळी शिकवणी संपता संपता एका विद्यार्थिनीचे वडील आले आणि जिन्यातच म्हणाले, "मास्तर, दोन वर्षे हिचे गाणे थांबवतो. अकरावीला कॉमर्समध्ये स्टॅटिस्टिक्स आहे. फार कठीण विषय, म्हणतात." माझ्याजवळ उत्तर एकच होते आणि ते वर्गाच्या दारावरच्या पाटीवर आधीच लिहिलेले होते: 'संगीत शिकणारी मुले अभ्यासातही पुढे असतात.' ती पाटी वाचूनच ते जिना उतरले.

ज्याने माझी विद्यार्थिनी पळविली तो विषय आहे तरी काय, हे पाहावे म्हणून मी त्या मुलीचेच पुस्तक मागून घेतले. मुलगी गुजराती माध्यमातली. पुस्तकावर नाव 'आंकडाशास्त्र'. आपण मराठीत संख्याशास्त्र म्हणतो. पंधरा दिवस ते चाळल्यावर माझे मत झाले आहे की, या विषयाला भिणारे पालक आणि त्यावर रुसणारे माझ्यासारखे मास्तर, दोघेही चुकत आहेत.

पहिली गोष्ट ही की, हे केवळ आकडेमोडीचे शास्त्र नव्हे. बेरीज, भागाकार, थोडे वर्गमूळ एवढ्यावर अकरावीचा बराच भाग निभावतो. कस लागतो तो आकड्याचा अर्थ लावताना. माझ्याच वर्गाचे उदाहरण घ्या. पाच मुले रोज अनुक्रमे २०, २०, ३०, ४० आणि २४० मिनिटे रियाज करतात असे धरू. सरासरी निघते ७० मिनिटे. मी अभिमानाने सांगेन, "माझी मुले सरासरी सत्तर मिनिटे बसतात." परंतु सत्तर मिनिटे बसणारे त्यांत एकही नाही! ओळीने मांडून मधला आकडा घ्यावा तर ३०, सर्वांत अधिक वेळा येणारा घ्यावा तर २०. मध्यमान, मध्यक आणि बहुलक ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. कोणते कोठे वापरावे, हा विवेक शिकविणे हेच या धड्याचे काम.

दुसरा धडा तर आम्हा गाणाऱ्यांचाच म्हणावा. दोन मुली मिनिटाला सरासरी ६० मात्रांच्या लयीत गातात. एक ५८ आणि ६२ यांच्यामध्ये राहते, दुसरी ४५ वरून ७५ वर धावते. सरासरी एकच, पण तबलजीला विचारा! हे हेलकावे मोजण्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. १९६३ साली जैराझभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी हिंदुस्थानी संगीतातले स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच वादनातही जरासा सरकलेला आढळला. स्वर म्हणजे एक ठिपका नव्हे, लहानसे अंगण आहे. त्या अंगणाची लांबीरुंदी मोजण्याची रीत शाळेतल्या मुलाला मिळत असेल, तर आपण तक्रार का करावी?

अकरावीतच नमुना कसा निवडावा हा धडा येतो. तो वाचताना मला वडील आठवले. ते विशीत बडोद्याच्या दरबारात सारंगीवर साथीला असत. १९४९ साली संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. "त्या काळचे गवई काय होते!" असे आपण हळहळून म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे ज्यांची नावे उरली तेवढेच असतात. बेसूर होते ते विसरले गेले, आणि वडिलांसारखे सुरेल साथीदारही विसरले गेले. उरलेल्या चार नावांवरून सगळ्या काळाची पारख करणे म्हणजे वाकडा नमुना घेणे होय. त्या वाकड्या नमुन्याशी तुलना करून आम्ही आजच्या पोरांना रोज कमी लेखतो.

बारावीत निर्देशांक, कालश्रेणी, संभाव्यता येतात, आणि येतो सहसंबंध. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हे त्या धड्याचे सार. इथे माझी पाटी अडखळली. माझ्याकडे येणारी मुले अभ्यासात बरी असतात हे खरे; पण ज्या घरात गाण्याची फी देण्याची ऐपत आणि मुलांपाशी बसण्याची सवड आहे, त्याच घरांतून ती येतात. मार्क गाण्याने वाढले की घराने, हे मी कधी तपासले होते? तपासले नव्हते, आणि पोटासाठी बिनदिक्कत लिहून ठेवले होते.

पालकांना एवढेच सांगणे आहे: या विषयाला पाठांतराने भिडू नका. सूत्र घोकून मार्क पडतील, पण उत्तर आल्यावर 'मग याचा अर्थ काय?' हे एक वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिले नाही, तर सरगम आली आणि राग आलाच नाही, असे होईल. रोज अर्धा तास नेमाने बसावे, तक्ते स्वतः करावेत, घरातल्या वीजबिलांचा आलेख काढावा. एवढ्यासाठी गाणे सोडावे लागत नाही.

पाटीवरची ती ओळ मी पुसून टाकली आहे. गाणे गाण्यासाठी शिकावे, याहून अधिक वचन मला देता येत नाही, असे त्या गृहस्थांनाही कळविले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. पुस्तक मात्र परत करायचे आहे. ते घ्यायला मुलगी येईल, तेव्हा तानपुरा जुळवून ठेवीन.