हजेरीपटावर नसलेले रहिवासी

निवासी शाळेच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नसते आणि तरीही ज्यांचा मुक्काम बारमाही असतो, असे रहिवासी म्हणजे मांजरे. भोजनगृह आले की धान्याची कोठी आली, कोठी आली की उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर येणारच. तिला कोणी बोलावलेले नसते. जळणाच्या ढिगामागे, मोडक्या बाकांच्या अडगळीत किंवा पाण्याच्या टाकीखाली ती विते, आणि महिनाभराने चार पिल्ले उन्हात येऊन बसली की शाळेला प्रथमच तिची दखल घ्यावी लागते. ही दखल बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने घेतली जाते. गोणी आणली जाते, पिल्ले तीत भरली जातात, आणि भाजी आणायला निघालेल्या गाडीतून नदीपलीकडे, बाजारात नाहीतर हमरस्त्याच्या कडेला ती सोडून दिली जातात.

‘सोडून आलो’ हे शब्द मोठे सोयीचे आहेत. त्यांत रक्त दिसत नाही. परंतु आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाला शिकार करता येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही, आणि आईच्या ऊबेवाचून पावसाळी रात्र काढता येत नाही. त्याला सोडणे म्हणजे त्याचे मरण आपल्या नजरेआड ढकलणे होय. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण ज्या शाळेचा दिवस त्रिसरण-पंचशीलाने सुरू होतो, तिने कायद्याच्या भीतीने वागावे अशी माझी अपेक्षा नाही. तिच्याकडे याहून जुने आणि याहून जवळचे कारण आहे.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेबरोबर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील तेरावी प्राणिमात्रांविषयी आहे. आपल्या प्रत्येक मुलाला ती पाठ असते. तिच्यात दयेबरोबर ‘लालनपालन’ असा शब्द येतो, आणि माझ्या मते त्या प्रतिज्ञेचे सारे वजन या दुसऱ्या शब्दात आहे. दया मनात उत्पन्न होते आणि मनातच विरूनही जाऊ शकते. लालनपालनाला मात्र वेळ लागतो, हात लागतात, एक भांडे लागते आणि रोजची आठवण लागते. पिल्लू पाहून डोळे पाणावलेला विद्यार्थी दयेपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. परीक्षेच्या दिवसांतही ज्याने त्याच्या पाण्याचे भांडे धुतले, त्याने प्रतिज्ञेचे उरलेले अर्धे अंतर कापले. शाळेला शिकवता येण्याजोगी गोष्ट हीच दुसरी आहे.

यावर आपल्याच समाजातून एक आक्षेप येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. माणसांचेच हाल अजून संपलेले नाहीत, आपल्या मुलांना चांगली पुस्तके, चांगला आहार पुरा पडत नाही, तिथे मांजरांचे काय घेऊन बसलात? या प्रश्नामागे पिढ्यांची जखम आहे. ज्या गावात कुत्र्या-मांजरांना घरभर मोकळीक होती, त्याच गावात आपल्या आजोबांची सावलीदेखील चालत नव्हती. ज्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तिथे माणसाने ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. प्राण्यांविषयीचा कळवळा हे ज्यांनी माणसाला दूर ठेवले त्यांचेच भूषण, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत आले, त्यात आश्चर्य नाही.

पण महाडला गेलेल्यांची मागणी काय होती, ते नीट पाहावे. गुरांचे पाणी तोडा, असे तिथे कोणी म्हटले नाही. गुरांना मिळते ते पाणी माणसालाही मिळाले पाहिजे, एवढेच म्हणणे होते. अन्याय माणसाला नाकारण्यात होता. जनावराला मिळण्यात नव्हता. हा भेद सुटला की आपण नकळत त्याच हिशेबात अडकतो, ज्यात करुणेची एक ठराविक पिशवी असते आणि एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही. सम्राट अशोकाने हा हिशेब मानला नव्हता. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था एकत्र नोंदवलेली आहे. पाचव्या स्तंभलेखात तर गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्ले यांना अभय आहे. मांजरीचा उल्लेख त्या यादीत नाही, हे कबूल. परंतु अंगावर पाजणाऱ्या आईला आणि कोवळ्या पिल्लाला वेगळे संरक्षण द्यावे ही जाणीव दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांना होती, त्यांचा वारसा आपण सांगतो.

मांजराच्या वाट्याला आपल्या परंपरेत फारसे कौतुक आलेले नाही, हेही इथे सांगून टाकतो. कुक्कुट जातकात ती कोंबड्याला गोड बोलून फसवू पाहते. आपल्या म्हणींमध्ये ती शंभर उंदीर खाऊन काशीला निघते आणि डोळे मिटून दूध पिते. आपल्या शाळेतील मुले मांजर आडवे गेले म्हणून थांबत नाहीत, याचा मला अभिमान आहे. मात्र न थांबता तिला दगड मारून पुढे जाणाऱ्याला मी विज्ञाननिष्ठ म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष मैत्रीविषयी. पालीतील ‘मेत्ता’ हा शब्द ‘मित्त’ म्हणजे मित्र यावरून आला आहे, आणि रानटी वळणाच्या मांजराशी मैत्री जोडताना त्याचा अर्थ जितका स्पष्ट होतो तितका प्रवचनातून होत नाही. प्रथम दोन प्रकारची मांजरे ओळखायला हवीत. एक, कोणाच्या तरी घरात वाढलेली आणि नंतर बेघर झालेली. ती दूरवरून ओरडते, शेपटी उभी करते, चार-आठ दिवसांत पायाशी येते. दुसरी, माणसाच्या स्पर्शावाचून वाढलेली. ती आवाज करत नाही, दिसली की नाहीशी होते, कोपऱ्यात सापडली तर फिसकारते. या दुसरीला मोठेपणी मांडीवर बसवण्याचा आग्रह धरू नये. तिच्याशी मैत्री म्हणजे तिला आपली भीती न वाटणे, इतकीच. तीसुद्धा पुष्कळ झाली.

ही भीती जाते ती नियमाने. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच व्यक्तीने खाणे ठेवावे: उकडलेले अंडे, कोंबडीचे किंवा मासळीचे बिनमसाल्याचे, काटे काढलेले तुकडे, थोड्या भाताबरोबर. कांदा-लसूण घातलेली आमटी मांजराला विषासमान आहे. ठेवून झाल्यावर दूर जाऊन, जमिनीवर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसावे. उभा माणूस तिला डोंगराएवढा दिसतो. टक लावून पाहू नये. मांजरांच्या व्यवहारात रोखलेली नजर ही धमकी असते. उलट, नजर मिळालीच तर पापण्या सावकाश मिटाव्यात आणि सावकाश उघडाव्यात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरेही तशीच प्रतिक्रिया देतात आणि जवळ येण्यास अधिक राजी होतात. डोळे मिटणाऱ्या मांजरीला आपल्या म्हणीने ढोंगी ठरवले. प्रत्यक्षात डोळे मिटून ती विश्वास व्यक्त करत असते.

बसण्याचे अंतर दर दोन-तीन दिवसांनी वीतभर कमी करावे. ती मागे सरली तर आपणही मागे यावे. हात पुढे करण्याची घाई करू नये. पहिला स्पर्श तिने करावा. याला पंधरवडा लागेल किंवा चार महिने. वसतिगृह अधीक्षक म्हणून काढलेल्या वर्षांत मला या कामासाठी सर्वांत योग्य मुले सापडली ती नव्याने दाखल झालेली, पहिला महिनाभर कोणाशी न बोलणारी. त्यांना थांबणे कसे असते ते ठाऊक असते. बोलघेवड्या मुलांच्या हातून मांजर पळते.

पिल्लांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसून आले की, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाने रोज हळुवार हाताळले, ती पुढे माणसाळलेली राहिली. हा काळ निघून गेला की तेच काम कितीतरी अवघड होते. म्हणून जी पिल्ले पुढे घराघरांत द्यायची आहेत, त्यांच्यासाठी हे पाच आठवडे वाया घालवू नयेत.

मात्र एकटी पिल्ले दिसली की उचलून खोलीत आणण्याचा मुलांचा उत्साह आवरावा लागतो. भाटी शिकारीला गेली की काही तास परतत नाही. पिल्ले स्वच्छ, पोट भरलेली आणि शांत निजलेली असतील तर आई येऊन-जाऊन आहे असे समजावे आणि दुरून पाहत राहावे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा कुठून आला कोण जाणे, पण धोका वाटला की ती एकेक पिल्लू मानेच्या कातडीने उचलून जागा बदलते, हे खरे. तेव्हा आपण वारंवार डोकावणे हाच तिला धोका वाटू शकतो.

खरोखरच आई गेली असेल, तर पहिली गरज दुधाची नसून ऊबेची असते. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला पाजलेले दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्यात ठेवावी, आणि पिल्लाला हवे तेव्हा तिच्यापासून दूर सरकता येईल एवढी जागा सोडावी. मांजर आणि दूध ही जोडी बडबडगीतांनी लावली आहे. गायी-म्हशीच्या दुधाने बहुतेक पिल्लांना जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला ते पुरतात. पिल्लांसाठीची खास दूध-पावडर औषधांच्या किंवा प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणावी आणि सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावी. पाजताना पिल्लू पोटावर असावे. बाळासारखे उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाते. पाजून झाल्यावर ओलसर कोमट कापसाने त्याची शी-शूची जागा हलकेच पुसावी लागते, कारण पहिले सुमारे तीन आठवडे आईच्या चाटण्यावाचून त्याला विधी होत नाहीत. सकाळ-संध्याकाळ म्हटल्या जाणाऱ्या करणीयमेत्त सुत्तात आईच्या मायेचा दाखला येतो. रात्री दोन वाजता गजर लावून उठलेल्या नववीच्या मुलाला तो दाखला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आता सर्वांत कठीण मुद्दा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. खाऊ घालायचे आणि नसबंदी करायची नाही, म्हणजे पुढच्या वर्षीची गोणी आजच शिवून ठेवायची. काही उपासकांना शस्त्रक्रिया हीच हिंसा वाटते, आणि अशोकाच्या त्याच पाचव्या स्तंभलेखात ठराविक दिवशी बैल, बोकड, मेंढे यांचे खच्चीकरण निषिद्ध आहे, हा दाखला ते देऊ शकतील. मला उत्तर बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सापडते. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, असे ते तिथे मांडतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. शस्त्रक्रियेने भूल दिलेल्या एका जिवाला दोन-चार दिवसांचा त्रास होतो. ती न केल्याने दरवर्षी दहा-बारा पिल्ले भूक, कुत्री आणि चाके यांच्या तोंडी जातात. यांतून निवड करण्याची जबाबदारी तत्त्व आपल्यावर टाकते, आणि मी नि:शंकपणे नसबंदीच्या बाजूचा आहे. मांजरे हलवल्याने प्रश्न सुटत नाही; अन्न आणि उंदीर तिथेच असतात, म्हणून मोकळ्या जागेवर दुसरी मांजरे येतात. नसबंदी झालेली, कानाचे टोक कापून खूण केलेली जुनी मांजरे आवारात राहू द्यावीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नसेल तर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. आपले जे माजी विद्यार्थी पशुवैद्यक झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला दिला, तर तो सभागृहातील पंख्यावर नाव घालण्याइतकाच मोलाचा ठरेल.

पालकांची काळजी रास्त आहे, तिचेही निवारण व्हायला हवे. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. हळद-चुन्यावर भागवू नये. पिल्लांच्या अंगावरून गजकर्णही मुलांना होते. म्हणून हे काम इयत्ता आठवीच्या पुढील मुलांकडे, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली, हात धुण्याच्या सक्तीसह असावे, आणि मांजरांना निजण्याच्या खोल्यांत प्रवेश नसावा.

राहता राहिली उन्हाळी सुट्टी. एप्रिलअखेर मुले घरी जातात, भोजनगृह बंद होते, आणि वर्षभर ठराविक वेळी भांड्यापाशी येऊन बसणारी मांजरे तशीच येऊन बसत राहतात. आवारातला हातपंपही तेव्हा आटत आलेला असतो. ज्यांना आपणच सवय लावली, त्यांच्या या दीड महिन्याची तजवीज रखवालदाराच्या चांगुलपणावर सोडणे योग्य नाही. सावलीत पाण्याची तीन-चार पसरट मातीची भांडी, रोजचे मोजून दिलेले खाणे आणि त्यासाठी रखवालदाराला वेगळे मानधन, एवढ्याचा खर्च या स्मरणिकेच्या एका रंगीत पानापेक्षा कमी येईल. व्यवस्थापन समितीची सुट्टीच्या नियोजनाची बैठक मार्चमध्ये असते. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय विद्यार्थी प्रतिनिधींनी स्वतः मांडावा आणि खर्चाचा अंदाजही त्यांनीच काढून आणावा.