निर्धोक प्रथिनांचा हक्क

ज्या अन्नाने देह पोसावा त्याच अन्नाने काही माणसांच्या, विशेषतः तान्ह्या मुलांच्या, जिवावर बेतावे, या आपत्तीचा विचार वैद्यांप्रमाणेच अन्नाच्या कारखानदारांनी आणि सरकारनेही केला पाहिजे. दूध, अंडी, भुईमूग, गहू यांतील प्रथिनांना ज्यांचे शरीर शत्रू समजते, त्यांना पथ्य सांगणे सोपे आहे. परंतु गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या आणि आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकाने काय प्यावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ पथ्यात सापडत नाही.

ते उत्तर शास्त्राने दिले आहे. प्रथिनाची घडी आणि त्यातील अमिनो आम्लांचा अनुक्रम यांवरून शरीर त्याला ओळखते. सबब विकरांच्या योगाने केसीन या दुधातील प्रथिनाचे पुरेसे बारीक तुकडे केले, तर पोषण टिकते आणि ती ओळख बहुतांशी पुसली जाते. अशा केसीनचे बालान्न अमेरिकेत १९४२ सालीच निघाले. जपान सरकारने विकरांच्या प्रक्रियेने ॲलर्जीकारक प्रथिने घटविलेल्या तांदळाला १९९३ मध्ये विशेष आरोग्योपयोगी अन्न म्हणून मान्यता दिली.

तथापि अर्धवट तुटलेल्या प्रथिनांत घातक अंश शिल्लक राहतात, आणि भुईमुगातील एक प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन तर भट्टीच्या उष्णतेला व जठरातील पाचकरसांनाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणूनच, दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या मुलांपैकी किमान ९० टक्के मुलांना बालान्न मानवते, हे ९५ टक्के विश्वासार्हतेने प्रत्यक्ष चाचणीत ठरले पाहिजे, हा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा दंडक आदर्श मानावा लागेल. उरलेल्या मुलांसाठी सुट्या अमिनो आम्लांपासून केलेल्या अन्नाची तजवीज हवी.

आपल्याकडे २०२० च्या नियमांनी दूध, अंडी, मासे, भुईमूग, सोयाबीन इत्यादी घटकांचा वेष्टनावर उल्लेख सक्तीचा केला, हे स्तुत्यच होय. मात्र धोक्याची सूचना मिळाल्याने भुकेल्या मुलाचे पोट भरत नाही. दुग्धोत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या या देशात असे बालान्न गरिबालाही परवडले पाहिजे. त्यासाठी सहकारी दूध संघांना संशोधनाचे साहाय्य द्यावे, सरकारी रुग्णालयांतून वैद्यांच्या शिफारशीने ते स्वस्त दरात मिळण्याची तरतूद करावी, आणि ॲलर्जीविषयीचा प्रत्येक दावा रुग्णांवरील चाचणीच्या पुराव्याखेरीज बाजारात येऊ देऊ नये. मातेचे दूध हे अर्भकाचे पहिले अन्न आहे, हे तत्त्व अबाधित ठेवूनही हे सारे साधता येईल; अशा मुलाचे पोषण त्याच्या बापाच्या मिळकतीवर अवलंबून ठेवणे कोणत्याही लोकाभिमुख राज्यव्यवस्थेला शोभत नाही.